नोंदणीचे पैसे कोणी भरायचे?

परभणीच्या मुलीने काय करायचे? सशुल्क कलाकारसूचीचे समर्थक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो खोटा नाही. वर्सोव्याच्या आराम नगरात जुन्या बैठ्या बंगल्यांमधून कास्टिंगची कार्यालये आणि ऑडिशनच्या खोल्या दाटीवाटीने भरल्या आहेत. तिथे रोज चक्कर मारणे अंधेरीत खोली भाड्याने घेतलेल्यालाच जमते. मग परभणीच्या मुलीने वर्षाला काही हजार रुपये भरून आपले फोटो, उंची, येणाऱ्या भाषा, घोडेस्वारी येते की नाही, हे सगळे एका संकेतस्थळावर नोंदवले आणि ते मुंबईतल्या कास्टिंग डायरेक्टरसमोर पोचले, तर त्यात वाईट काय?

पोचत असेल तर वाईट काहीच नाही. माझा आक्षेप आहे तो पोचण्याच्या दाव्यावर.

मालिकेत एक भूमिका भरायची असते तेव्हा काय घडते ते पाहा. वाहिनी आणि निर्मितीसंस्थेकडून कास्टिंगवाल्याला चार ओळी येतात: नायकाची धाकटी बहीण, वय अठरा ते बावीस, गावाकडची पण शिकलेली, महिन्याचे बहुतेक दिवस देऊ शकणारी. हातात वेळ दोन-तीन दिवसांचा. सहायक आधी स्वतःच्या हार्डडिस्कमधली जुनी ऑडिशन्स चाळतो. मग ओळखीच्या नाट्यसंस्थांतल्या चार जणांना फोन लावतो. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर मजकूर टाकतो. रात्रीपर्यंत त्याच्या फोनवर इंट्रोंचा ढीग पडलेला असतो: नाव, वय, उंची, राहण्याचे ठिकाण, डावी बाजू, उजवी बाजू. त्यातल्या काहींना प्रसंग पाठवून सेल्फ टेप मागवली जाते, थोड्यांची लुक टेस्ट होते, आणि शेवटचा शब्द वाहिनीचा. या माणसाला तुटवडा असतो तो वेळेचा, चेहऱ्यांचा कधीच नाही. फुकट आणि आजचे चेहरे ज्याच्याकडे ओसंडून वाहत आहेत, तो गेल्या दिवाळीत काढलेले फोटो बघायला पैसे भरलेल्यांच्या यादीत कशाला जाईल?

परभणीचे अंतर खरे कमी केले ते सेल्फ टेपने. भिंत, खिडकीतला उजेड, फोन आणि ओळी वाचून दाखवायला एक मैत्रीण, एवढ्यावर ती टेप होते. सूचीवाल्यांनी या बदलाचे श्रेय परस्पर आपल्या खात्यावर जमा केले आहे.

दुसरा युक्तिवाद असा की शुल्क ही चाळणी आहे. फुकट ठेवले तर हौशेगवशे भरतात, पैसे भरणारा गंभीर असतो. हे ऐकायला बरे वाटते. पण चाळणीतून खाली काय पडते ते बघावे. शुल्काने पारखली जाते ती बापाची ऐपत. करमाळा तालुक्यातल्या केममधला सोमनाथ अवघडे 'फँड्री'त (२०१३) आला, अकलूजची रिंकू राजगुरू 'सैराट'मध्ये (२०१६) आली, चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार आले. यांपैकी कोणी सूचीत पैसे भरून आले नव्हते. दिग्दर्शक आणि त्यांची माणसे शोधत गेली. यावर 'हे अपवाद झाले' असे उत्तर येते. मान्य. कोणी शोधत येईल म्हणून गावात वाट बघत बसा, असे मीही सांगणार नाही. पण ज्या दिग्दर्शकाला वेगळा चेहरा हवा असतो तो यादी मिटून बाहेर पडतो, आणि ज्याला नेहमीचा हवा असतो त्याच्याकडे नेहमीचे आधीच असतात. पैसे भरणाऱ्याला या दोहोंमध्ये कुठे जागा उरते, हे समर्थकांनी सांगावे.

तिसरा युक्तिवाद वधूवर सूचक मंडळाचा. तेही पैसे घेते, लग्नाची हमी देत नाही, म्हणून काय त्याला कोणी लबाड म्हणते? उपमा चांगली आहे, फक्त अर्धीच वापरली जाते. मंडळात दोन्ही बाजू नाव घालतात, दोन्ही बाजू फी भरतात, दोघांनाही गरज असते. नुसत्या मुलांचीच नोंद असलेल्या मंडळात कोणता शहाणा मुलगा पैसे भरेल? सूचीवाल्याला विचारावयाचा प्रश्न हाच आहे: तुमच्याकडे कलाकार किती, हे राहू द्या, गेल्या वर्षभरात कोणकोणत्या निर्मितीसंस्थांनी तुमच्या यादीतून माणसे घेतली, त्यांची नावे सांगा. या प्रश्नावर बोलणे बहुधा नामांकित चेहऱ्यांबरोबर काढलेल्या छायाचित्रांकडे वळते.

आता लंडनकडे वळू, कारण समर्थकही वळतातच. तिथली स्पॉटलाइट ही सूची १९२७ पासून चालू आहे, नटनटी तिची वार्षिक वर्गणी भरतात, आणि तिथला कास्टिंग डायरेक्टर खरोखरच ती उघडतो. मग लंडनला जे चालते ते मुंबईला का चालू नये? कारण स्पॉटलाइटचे वजन तिच्या वर्गणीत नाही. अभिनयाचे मान्य शिक्षण किंवा व्यावसायिक कामाचा पुरावा असल्याशिवाय तिथे नाव लागत नाही. नुसते पैसे दाखवून आत जाता येत नाही, म्हणून आतल्या नावाला किंमत आहे. आपल्याकडच्या सूचीत पैसे हाच पुरावा. शिवाय लंडनमध्येही हा प्रश्न मिटलेला नाही. इक्विटी या तिथल्या कलाकार-संघटनेने स्पॉटलाइटला न्यायालयात खेचले. ही रोजगारसंस्थाच आहे, तेव्हा सूची चालवायला जो वाजवी खर्च येतो त्याहून अधिक वर्गणी तिने घेऊ नये, असे इक्विटीचे म्हणणे होते. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने स्पॉटलाइट रोजगारसंस्था ठरत नाही असा निकाल दिला. कायद्याने इक्विटी हरली खरी. पण शतकाच्या उंबरठ्यावर आलेल्या, सगळा धंदा जिच्यावर चालतो अशा सूचीचीही वर्गणी जिथल्या नटांना जाचते, तिथला दाखला कालपरवा उघडलेल्या संकेतस्थळाने द्यावा, हे जरा अतीच झाले.

या वादाच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात ते सातव्या कलमात नोंदवले आहे: खासगी रोजगारसंस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेऊ नये. अपवादाला वाव ठेवला आहे, पण मूळ नियम हा. माणूस ज्याला हवा त्याने शोधण्याचा खर्च करावा. आपल्या कास्टिंगच्या धंद्यातही नियम तोच आहे. कास्टिंग डायरेक्टरचे मानधन निर्माता देतो. म्हणूनच नावाजलेले कास्टिंग डायरेक्टर पुन्हा पुन्हा जाहीरपणे सांगतात की आम्ही ऑडिशनसाठी पैसा घेत नाही. कोऑर्डिनेटर कमिशन घेतो, ते काम मिळाल्यावर आणि मिळालेल्या पैशातून. त्याच्या नावाने कलाकार कितीही बोटे मोडोत, त्याचे पोट निदान कलाकाराच्या कामावर चालते. सूचीवाल्याचे पोट कलाकाराच्या आशेवर चालते. तुम्हाला काम मिळाले काय, न मिळाले काय, त्याचा हिशेब नोंदणीच्या दिवशीच पूर्ण झालेला असतो.

'वकील सनदेची फी भरतोच ना?' असेही एक जण मला म्हणाले. भरतो, आणि त्या फीने त्याला कोर्टात उभे राहण्याचा हक्क मिळतो. सिंटा या सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचे सभासदत्वही फुकट नाही. पण बुडालेल्या मानधनासाठी दाद मागायची वेळ आली तर संघटना मागे असते. सूचीतल्या नावाने कोणता हक्क मिळतो?

बरे, नुसत्या नोंदणीवर थांबले तरी एक वेळ चालेल. थांबत नाही. नोंदणी झाली की फोन येतो: तुमचे फोटो चालणार नाहीत, आमच्या फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करून घ्या. मग 'आर्टिस्ट कार्ड'. मग दोन दिवसांची कार्यशाळा. मग भूमिकेसाठी तुमची निवड झाली आहे, फक्त ड्रेसचे किंवा कराराचे पैसे भरा. सगळ्याच सूची या वाटेने जातात असे नाही, पण ही वाट सूचीच्या दारातूनच सुरू होते. कॅलिफोर्नियाला हा अनुभव इतका आला की २०१० पासून तिथे कायदा लागू झाला: कलाकाराचे प्रतिनिधित्व करण्यासाठी आगाऊ फी घ्यायला बंदी, आणि सूची चालवणाऱ्यांना पन्नास हजार डॉलरचा बाँड व ग्राहकाला कामकाजाच्या दहा दिवसांत करार मोडण्याची मुभा. आपल्याकडे या धंद्यासाठी असा वेगळा कायदा नाही. फसगत झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटी म्हणून जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही पडत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. लाज वाटून गप्प बसणारेच फार.

लहान मुलांच्या बाबतीत तर मला समर्थकांशी वादही घालावासा वाटत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचे तर २०१७ च्या नियमांनुसार निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत. यातली प्रत्येक जबाबदारी निर्मात्याची आहे आणि सूचीवाला यात कुठेच नाही. त्याच्याकडे आहे ते मुलाचे छायाचित्र, वय, शाळा आणि आईचा फोन नंबर. ही माहिती कोण बघणार हे माहीत नसताना ती टाकायची, आणि वर त्याचे पैसे भरायचे!

एक गोष्ट मात्र मी सूचीच्या पारड्यात टाकतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ऑडिशनच्या निरोपांतले खरे कोणते, खोटे कोणते हे ओळखणे नवख्याला जड जाते. निर्मितीसंस्थेला फोन करून, खातरजमा करून, खरे तेवढेच निरोप जर कोणी दरमहा चहापाण्याच्या पैशात पोचवत असेल, आणि ती वर्गणी हवी तेव्हा बंद करता येत असेल, तर ते पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. ती माहितीची किंमत झाली. वर्षभराचे एकरकमी पैसे, 'गोल्ड' आणि 'प्लॅटिनम' अशा पायऱ्या, यादीत वरचा क्रमांक, हे मात्र सरळ नाकारावे. तोच पैसा ट्रायपॉडला, कॉलरला लावायच्या माइकला, हिंदी उच्चार घासून घेण्याला, नाट्यसंस्थेच्या वर्गणीला आणि मुंबईच्या तिकिटाला लावावा.

आणि सूची हवीच असेल, तर ती आपल्याकडे आहे; फक्त ती सूची आहे हे कोणाच्या ध्यानात आलेले नाही. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे. दरवर्षी प्राथमिक फेरीत केंद्राकेंद्रावर परीक्षक नाटके बघतात, अभिनयाची रौप्यपदके आणि गुणवत्ता प्रमाणपत्रे जाहीर होतात, नटाचे नाव, भूमिका आणि नाटक असे सगळे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते आणि तिसऱ्या दिवशी रद्दीत जाते. परभणी केंद्रावर प्रमाणपत्र मिळवलेल्या मुलीने परीक्षकांसमोर अख्खे नाटक उभे केलेले असते. स्पॉटलाइटने दारावर जो पुरावा मागावा, तो इथे सरकारी कागदावर आहे. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक भरवते, गोव्यात कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा होतात; त्यांच्याही निकालांत हीच संपत्ती पडून आहे. पैशाने विकत न घेता येणारी यादी कास्टिंगवालाही उघडून बघेल, कारण त्याच्या आधी चार जाणत्यांनी ती चाळलेली असेल.

खर्च फार नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाने येत्या राज्य नाट्यस्पर्धेच्या प्रवेशिकेत कलाकाराच्या संमतीचा एक रकाना वाढवावा, अभिनयाचे निकाल केंद्रवार आणि वर्षवार संकेतस्थळावर खुले करावेत, आणि नावापुढे कलाकाराला आपल्या सेल्फ टेपचा दुवा जोडू द्यावा. नाट्य परिषदेने त्यासाठी संचालनालयाच्या मागे लागावे. बालनाट्य स्पर्धेतली मुले मात्र या यादीतून वगळावीत. त्यांच्यासाठी संस्थेचा फोन नंबर पुरे.