लिंबू-मधाच्या पाण्याने चरबी वितळत नाही!

"डॉक्टर, रोज उपाशीपोटी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतो, तरी वजन उतरत नाही!" कसे उतरेल? कोमट पाण्याने थिजलेले तूप वितळते, पोटावरची चरबी नाही. उलट छोट्या चमचाभर मधातूनही सुमारे २० कॅलरी पोटात जातात. मधुमेही असाल तर लक्षात ठेवा, मध हीसुद्धा साखरच आहे.

आता चहा मोजा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. एवढ्या घेऊनही भूक भागत नाही ती नाहीच!

पावडरींवर पैसे उधळू नका. चहातली साखर निम्मी करा, ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ वाढून घ्या, रोज अर्धा तास भरभर चाला. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले.