बोटीवरची वाट मराठीतही दाखवा

हिंगोलीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर दूर. इथल्या माणसाने पाहिलेले मोठे पाणी म्हणजे कळमनुरीकडचे इसापूर धरण, नाहीतर पूर्णेवरचे सिद्धेश्वर. तरीही क्रूझची सहल आता या जिल्ह्यातल्या घरांत बोलली जाऊ लागली आहे. नोकरीला लागलेली मुले आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीला हौसेने तिकीट काढतात, निवृत्त शिक्षकांचे गट सिंगापूरची सहल ठरवतात आणि तिथे दोन-तीन रात्री बोटीवर काढतात. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या मराठी पर्यटन कंपन्यांच्या सहलींत क्रूझ असते. मुंबईहून निघायचे असेल तर हिंगोलीहून जनशताब्दीने सीएसएमटी गाठायचे. तिथून बॅलार्ड पिअरचे क्रूझ टर्मिनल टॅक्सीने काही मिनिटांवर.

हे टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये रीतसर खुले झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी आणि एका वेळी पाच जहाजे, अशी त्याची क्षमता सांगितली जाते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातूनच ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करण्याचे ठरवले. म्हणजे पुढच्या काही वर्षांत, समुद्र कधीच न पाहिलेली मराठी माणसे मोठ्या संख्येने या जहाजांवर चढणार आहेत. त्यांच्या खाण्याची, नाचगाण्याची, फोटोंची सोय चोख होईल. पण जहाजावर आपण कुठे आहोत आणि संकटात कुठे जायचे, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोण सांगणार? याची व्यवस्था आताच झाली पाहिजे, आणि ती मागण्याचा प्रवाशांना पूर्ण हक्क आहे.

कोकणातल्या माणसाला ‘अप्पर डेक’ आणि ‘लोअर डेक’ नवे नाहीत. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या मुंबई-गोवा बोटींनी पिढ्यांना ते शिकवले. मराठवाड्याला ती शाळा मिळालीच नाही. इथला माणूस दिशा ओळखतो ती सूर्यावरून. घर उगवतीला, विहीर मावळतीच्या अंगाला, रस्ता खालच्या आळीकडून वर. ही पद्धत जमिनीवर कधी चुकत नाही. बोटीवर ती पहिल्या तासातच निकामी होते, कारण तिथे जमीनच वळते. सकाळी केबिनच्या खिडकीतून आलेले ऊन दुपारी समोरच्या केबिनमध्ये असते. औंढ्याला नागनाथाचा नंदी देवळाच्या मागच्या अंगाला आहे. नामदेव महाराजांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी आख्यायिका जिल्ह्यातले पोरही सांगते. देऊळ फिरल्यावर जो गोंधळ व्हावा, तो बोटीवर दिवसातून अनेकदा होतो.

म्हणून बोटीवर पूर्व-पश्चिम सोडून द्यायची आणि जहाजाच्या स्वतःच्या दिशा धरायच्या: नाळेकडची पुढची बाजू, मागची बाजू, आणि पुढे तोंड करून उभे राहिल्यावर येणारी डावी-उजवी. या दिशा जहाजाला चिकटलेल्या असतात, आपल्या अंगाला नाही. आपण पाठ फिरवली म्हणून जहाजाची डावी बाजू उजवी होत नाही. ही एक गोष्ट पक्की बसली की अर्धी वाट सापडली.

उरलेली अर्धी आकड्यांत असते. मुंबईहून २०२१ पासून सहली करणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ घ्या. फ्रान्समधल्या सेंत-नाझेर इथे बांधलेले हे १९९० चे जहाज सुमारे २१० मीटर लांब आणि अकरा डेकचे. जगातल्या आजच्या जहाजांपुढे ते लहानच. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब आहे, त्याला २० डेक आहेत आणि प्रवासी-कर्मचारी मिळून त्यावर नऊ हजारांहून अधिक माणसे मावतात. जहाज लहान असो की मोठे, केबिनच्या क्रमांकाचा पहिला आकडा, किंवा मोठ्या जहाजावर पहिले दोन आकडे, डेक सांगतात. पुढचे आकडे बहुधा नाळेकडून मागे वाढत जातात. अनेक कंपन्या सम क्रमांक एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला ठेवतात. कित्येक जहाजांवर १३ क्रमांकाचा डेकच नसतो, १२ नंतर थेट १४ येतो. काही जहाजांच्या गालिच्यांवर मासे विणलेले असतात आणि त्या सगळ्या माशांची तोंडे नाळेकडे असतात, म्हणजे खाली पाहिले तरी पुढची बाजू कळावी.

एवढे असूनही माणसे चुकतात, आणि त्याला कारणे आहेत. केबिनच्या डेकवरचा बोळ शंभर-दीडशे मीटर सरळ जातो. दोन्ही बाजूंना एकाच रंगाचे, एकाच मापाचे दरवाजे. खिडकी नाही, ऊन नाही. लिफ्ट आणि मोठे जिने ठरावीक दोन-तीन ठिकाणीच. काही जहाजांवर भोजनगृह किंवा स्वयंपाकघर डेकची पूर्ण रुंदी अडवून बसलेले असते. मागच्या बाजूच्या हॉलमध्ये जायचे तर एक डेक वर चढायचे, तिथून चालत मागे जायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. लिफ्टसमोर भिंतीवर नकाशा असतो. त्यावर जहाज आडवे काढलेले असते आणि ‘तुम्ही इथे आहात’ असा ठिपका असतो. समजा, वसमतच्या एखाद्या हळद उत्पादकाची सत्तरीची आई त्या नकाशासमोर उभी आहे. नकाशातली नाळ तिच्या डाव्या हाताला आहे, पण प्रत्यक्षातली नाळ तिच्या पाठीमागे. शब्द सगळे इंग्रजीत. त्या नकाशाचा तिला काडीचाही उपयोग नाही. नकाशा सोपा करणे आणि तिला कळणाऱ्या भाषेत लिहिणे, हे काम जहाज चालवणाऱ्याचे आहे.

सुट्टीच्या दिवशी वाट चुकली तर फार तर जेवायला उशीर होतो. आगीच्या रात्री वाट चुकली तर जीव जातो. ७ एप्रिल १९९० च्या पहाटे नॉर्वेतल्या ऑस्लोहून डेन्मार्कला निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या बोटीला आग लागली. १५९ जण गेले. बहुतेकांचा जीव घेतला तो धुराने. बोळ धुराने भरले, बाहेरची वाट दिसेना, आणि कर्मचाऱ्यांतल्या अनेकांना प्रवाशांची भाषा येत नव्हती. बोटीवर नुकतेच रुजू झालेले हे कर्मचारी स्वतःच त्या बोटीला नवखे होते. यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. आज प्रवासी जहाजांच्या बोळांत जमिनीलगत उजळणारी पट्टी किंवा दिवे असतात. धूर वर साचतो, म्हणून खाली वाकून किंवा रांगत जाणाऱ्या माणसाला ती पट्टी जिन्यापर्यंत नेते. किती प्रवाशांना ती पट्टी कशासाठी आहे हे सांगितलेले असते?

दुसरी गोष्ट आगप्रतिबंधक दरवाजांची. जहाज साधारण ४०-४८ मीटरच्या उभ्या विभागांत वाटलेले असते. एरवी या विभागांच्या सीमेवरचे दरवाजे भिंतीला टेकवून उघडे ठेवलेले असतात, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. धोक्याचा इशारा होताच ते आपोआप मिटतात. सकाळी ज्या सरळ बोळातून आजी नाश्त्याला गेली, तिथे रात्री तिला बंद दार दिसते आणि वाट संपली असे वाटते. ते दार हाताने ढकलून उघडता येते, हे एकच वाक्य तिला कुणीतरी मराठीत सांगितलेले असले पाहिजे.

१३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळले. जहाजावर ४,२२९ माणसे होती; ३२ मेली. शेवटचा मृतदेह सापडायला २०१४ चा नोव्हेंबर उजाडला, तो एका भारतीय वेटरचा होता. अपघाताच्याच दिवशी चढलेल्या सुमारे सातशे प्रवाशांची आणीबाणीची कवायत झालेली नव्हती. तेव्हाचा नियम निघाल्यापासून चोवीस तासांत कवायत घ्या असा होता, म्हणजे नियम मोडलाही नव्हता. तो नियमच अपुरा ठरला. १ जानेवारी २०१५ पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

समुद्रातल्या सुरक्षेचे हे नियम ज्या ‘सोलास’ करारातून येतात, तो ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर १९१४ मध्ये प्रथम झाला. आज त्यात स्पष्ट तरतूद आहे: सुरक्षेची माहिती प्रवाशांना समजण्याची शक्यता असलेल्या एक किंवा अधिक भाषांत द्यावी, आणि केबिनमध्ये व जमण्याच्या ठिकाणी योग्य भाषांत सचित्र सूचना लावाव्यात. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर ‘समजण्याची शक्यता असलेल्या’ भाषांत मराठी येत नसेल, तर दुसरी कोणती येणार? इथे कुणी अस्मितेसाठी भांडत नाही. ज्या कराराच्या आधारे ही जहाजे जगभर फिरतात, त्याच्याच शब्दांचे पालन मागितले जात आहे.

यावर दोन उत्तरे नेहमी येतात. पहिले, चिन्हे सगळ्यांना कळतात, मग भाषा कशाला? हिरव्या पाटीवरचा धावणारा माणूस कळतो, बाणही कळतो. पण सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की लिफ्ट वापरू नका, लाइफ जॅकेट जमण्याच्या ठिकाणीही मिळते म्हणून घेण्यासाठी केबिनकडे मागे फिरू नका, नातवंडे खेळाच्या खोलीत असतील तर त्यांना कर्मचारी कुठे आणतील, हे कुठल्याही चिन्हात मावत नाही. शेवटची गोष्ट तर सगळ्यांत महत्त्वाची. आपल्याकडचे आजोबा घराबाहेर पडतील ते नातवाला शोधून. नातू कुठे भेटेल हे आधी सांगितले नसेल तर ते गर्दीच्या उलट दिशेने चालत राहतील.

दुसरे उत्तर, भारतात इतक्या भाषा, किती छापायच्या? ज्या बंदरातून जहाज सुटते त्या राज्याची भाषा, हिंदी आणि इंग्रजी, एवढे तीन मजकूर रेल्वेच्या फलाटावर वर्षानुवर्षे नांदत आहेत. हिंगोली स्टेशनच्या पाटीला ते जमते, तर अब्जावधी रुपयांच्या जहाजाला न जमायला कारण नाही.

करोनानंतर अनेक कंपन्यांनी कवायत मोबाइलवर आणली. केबिनमधल्या टीव्हीवर किंवा ॲपवर चित्रफीत बघायची, मग जमण्याच्या जागेवर जाऊन एकदा नोंद करायची. पाच वेळा क्रूझ केलेल्याला ते सोयीचे. पहिल्यांदा आलेल्या वृद्धाच्या हातातला फोन मुलगा किंवा सून चालवते. चित्रफीत सुरू होते, संपते, आजीने ती पाहिलेलीच नसते. अशा प्रवाशांसाठी मराठी बोलणारा एक कर्मचारी आणि पंधरा मिनिटे, एवढी तजवीज कंपनीने केलीच पाहिजे. सहल नेणाऱ्या पर्यटन कंपन्यांच्या सोबत मराठी टूर मॅनेजर असतोच. पहिल्या संध्याकाळी गटाला केबिनपासून जमण्याच्या ठिकाणापर्यंत जिन्याने चालवत नेणे हे त्याच्या कामाचा भाग ठरवावे.

घरच्यांनीही काही गोष्टी कराव्यात. तिकीट काढतानाच कंपनीच्या संकेतस्थळावरचा डेकचा नकाशा उतरवून घ्यावा आणि आईवडिलांबरोबर बसून त्यावर केबिन, जिना, जमण्याची जागा आणि जेवणाचा हॉल मराठीत लिहून द्यावा. शक्यतो मधल्या जिन्याजवळची केबिन घ्यावी. बोटीवर पोचल्यावर केबिनपासून जवळच्या जिन्यापर्यंत किती दरवाजे लागतात ते हात लावून मोजावे, कारण धुरात आणि अंधारात डोळ्यांपेक्षा हात कामाला येतात. केबिनच्या कार्डावर आणि दाराच्या आतल्या बाजूच्या पाटीवर जमण्याच्या ठिकाणाचे अक्षर किंवा क्रमांक असतो. तो पाठ करून घ्यावा.

प्रवाशाने इतके केले तरी मुख्य जबाबदारी त्याची ठरत नाही. जहाजावर झेंडा परदेशाचा असतो, म्हणून इथल्या सरकारचे हात बांधलेले आहेत, असे सांगितले जाईल. टर्मिनल तर भारताच्या भूमीवर आहे. चेक-इनच्या खिडकीवर प्रत्येक प्रवाशाच्या हाती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक कागद देता येतो: जहाजाचा सोपा नकाशा, भोंग्याचा अर्थ, आगप्रतिबंधक दार, जमिनीलगतची पट्टी, मुलांची व्यवस्था. प्रतीक्षागृहातल्या पडद्यावर हीच माहिती मराठी निवेदनासह दाखवता येते. मुंबई बंदर प्राधिकरणाला यासाठी कुणाची परवानगी मागावी लागणार नाही. जहाजाच्या आतल्या घोषणा आणि केबिनमधल्या पाट्या यांसाठी नौवहन महासंचालनालयाने ‘सोलास’च्या भाषेविषयीच्या तरतुदीवर बोट ठेवून मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक क्रूझ कंपनीला परिपत्रक काढावे. या महासंचालनालयाचे मुख्यालय मुंबईतच आहे. पावसाळा सरला की क्रूझचा हंगाम जोर धरतो. परिपत्रक त्याआधी निघाले पाहिजे, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या खासदारांनी ते निघाले का हे संसदेत विचारले पाहिजे.