दस्तरखान : जिताडा आणि दोन पेले जास्तीचं पाणी



रायगडच्या किनाऱ्यावर कुणाच्या घरी जिताडा आला, हे सांगावं लागत नाही. वाटणाची फोडणी बसली की वास आपणच गल्लीभर फिरतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दीड किलोचा जिताडा आला. घरात माणसं सात, तुकडे मोजून दहा. आम्ही हळूच मागची खिडकी लावून घेतली. शेजारच्या खाला एकट्या राहतात, त्यांची मुलं आखातात. सासूबाईंनी पाहिलं, खिडकी उघडली आणि एवढंच म्हणाल्या, "वास काय खिडकीनं थांबतो? सालनात दोन पेले पाणी वाढव." रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना हीच शिकवण दिली होती. सालन शिजवताना पाणी वाढवावं आणि शेजाऱ्यांना विसरू नये. त्या दिवशी आम्हांला लाज वाटली. तेव्हापासून जिताडा आम्ही त्याच हिशेबानं शिजवतो.

आधी मासा ओळखू या. मॉलमध्ये 'सी बास' किंवा 'बारामुंडी' म्हणून मिळतो आणि कोलकात्यात 'भेटकी' म्हणतात, तोच आपला जिताडा. 'बासा' मात्र वेगळा, तो गोड्या पाण्यातला मासा. नावाला भुलू नका. जिताडा खाडीच्या मचूळ पाण्यात वाढतो. अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडसारख्या खारपट्टीतल्या गावांत तो तळ्यातही वाढवतात. हा मासा बहुधा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतला सहा-सात किलोचा जिताडा बहुतेक अंड्यांवरची आईच. घरासाठी तळ्यातला एक ते दीड किलोचा घेतलेला बरा. तो पातेल्यात मावतो आणि खाडीतली बीजही शिल्लक राहते.

घेताना डोळे चमकदार, कल्ले लाल आणि दाबलं तर मांस परत वर येणारं असावं. खवले जाड असतात, कल्ल्याच्या झाकणाची कड आणि पाठीचे काटे धारदार असतात, म्हणून साफ कोळणीकडूनच करून घ्यावा. डोकं मात्र मागून घ्यावं. सालनाची सगळी ताकद डोक्यात आहे.

लाल सालन. डोकं, शेपटी आणि मधला काटा पाच पेले पाण्यात मीठ-हळद घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा. शेजारचे दोन पेले यातच आले. पाणी शेवटी ओतलं तर सालन पांचट होतं. डोक्याबरोबर सुरुवातीलाच उकळलं तर वाढलेलं पाणीही चवीचं होतं. अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, भिजवलेल्या दहा बेडगी मिरच्या, एक चमचा धणे आणि आठ पाकळ्या लसूण बारीक वाटा. तेलात एक चिरलेला कांदा आणि चार ठेचलेल्या पाकळ्या परता, वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, मग ते उकळलेलं पाणी डोक्यासकट ओता. उकळी आली की चार तुकडे आणि सहा आमसुलं घाला. आठ मिनिटं पुरेत. डाव फिरवू नका, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवा, म्हणजे तुकडे मोडत नाहीत.

हिरवं सालन. हे मुलांसाठी आणि तिखट न सोसणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी. मूठभर कोथिंबीर, दोन हिरव्या मिरच्या, आलं आणि लसूण यांचं वाटण परता. त्यात नारळाचं पातळ दूध घालून तीन तुकडे शिजवा. घट्ट दूध शेवटी घाला, लगेच आच बंद करा आणि वरून लिंबू पिळा. घट्ट दुधाला खळखळून उकळी आली तर ते फाटतं.

तवा. उरलेले तीन तुकडे मीठ, हळद, लिंबू आणि थोडं हिरवं वाटण लावून वीस मिनिटं ठेवा. तांदळाच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार मिनिटं तळा. पहिली बाजू सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

सोबत लाल सालनाला तांदळाची भाकरी, हिरव्याला साधा भात, तव्यावरच्या तुकड्याला कांदा-कैरीची कोशिंबीर. उन्हाळा असेल तर सोलकढी.

आपल्या जिल्ह्यात जिताडा जावयाला जातो, सासुरवाडीला जातो आणि काम अडलं की साहेबाच्या बंगल्यावरही जातो. लोक हे हसून सांगतात. पण काम काढून घेण्यासाठी पोचवलेला मासा हा हदिया नव्हे, रिश्वत आहे, मग तो कितीही ताजा असो. ज्या घराकडून आपलं काही काम अडलेलं नाही, त्या घरी गेलेली वाटीच खरा हदिया.

त्या दिवशी आम्ही खालांकडे झाकण लावून वाटी नेली. आत एकच तुकडा, बाकी सालन. "तुकडा नसता तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या, "कुणीतरी दार वाजवलं." वाटी परत आली तेव्हा रिकामी नव्हती, आत परसातली चार लिंबं होती. त्यांतलंच एक आम्ही हिरव्या सालनावर पिळलं.

या महिन्यात तुमच्या घरी जिताडा येवो, बांगडा येवो की नुसती डाळ असो, पातेलं चढवताना दोन पेले जास्त घाला. इन्शाअल्लाह, कमी पडणार नाही.