कर्करोगाच्या लांबलेल्या शस्त्रक्रियांबाबत खरवईकरांचे निवेदन

दिनांक : २८ जून २०२१

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : करोनाकाळात पुढे ढकललेल्या कर्करोग शस्त्रक्रियांना लेखी तारीख मिळणेबाबत व पुढील लाटेत या शस्त्रक्रिया बंद न ठेवणेबाबत.

संदर्भ : याच विषयावरील आमचे यापूर्वीचे अर्ज (प्रती व पोचपावत्या सोबत).

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे खरवई, बदलापूर (पूर्व) व लगतच्या वस्त्यांतील कर्करुग्ण, त्यांचे नातेवाईक व शेजारी आहोत. या विषयावर आम्ही यापूर्वी निरनिराळ्या कार्यालयांत अर्ज दिले. प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून पोच मिळाली, लेखी उत्तर कुठूनही आले नाही. गेल्या दिवाळीनंतर एका कार्यालयात आम्हाला सांगण्यात आले की, रखडलेल्या रुग्णांची यादी करून पंधरा दिवसांत कळवतो. नंतर दुसरी लाट आली आणि आता ती ओसरतही आली, पण ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. म्हणून आता थेट आपल्याकडे येत आहोत.

नियम, परिपत्रके आणि योजनेच्या अटी आपल्याच विभागाच्या आहेत. त्या इथे पुन्हा उतरवून कागद वाढवत नाही.

आमचे मुख्य दुखणे तारखेचे आहे. करोनाच्या रुग्णांसाठी खाटा, भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग लागले, हे आम्हाला समजते. एप्रिल २०२० मध्ये ठाण्याचे जिल्हा रुग्णालय पूर्णपणे करोनासाठी घेतले, तेव्हाही आमच्यापैकी कोणी तक्रार केली नाही. तक्रार याची आहे की, कर्करोगाची शस्त्रक्रिया पुढे ढकलताना रुग्णाच्या हातात एक ओळीचाही कागद दिला जात नाही. ‘परिस्थिती निवळली की फोन करू’ एवढेच सांगतात. फोन येत नाही. आपण केला तर उचलत नाहीत, उचलला तर ‘मॅडम रजेवर आहेत’.

आमच्या नाक्याजवळ राहणाऱ्या एका कामगाराचे उदाहरण देतो. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याला अजून त्याच रुग्णालयात जायचे आहे. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रात्रपाळी करणारा हा माणूस. गालात आतून जखम झाली. तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया करू, पूर्ण निघेल असा आजार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. यंदाच्या एप्रिलची तारीख मिळाली. घरच्यांनी दागिना गहाण ठेवला, रक्तदाते जमवायला घेतले. तीही सोपी गोष्ट नव्हती. लस घेतलेल्याने २८ दिवस रक्त द्यायचे नाही, असा तेव्हा नियम होता (मे महिन्यात तो १४ दिवसांवर आला), आणि धडधाकट मित्रांनी नुकतीच लस घेतलेली. तरी कसेबसे दाते मिळाले. शस्त्रक्रियेआधी ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागितला होता. आमच्याकडे नमुना दिल्यावर चौथ्या दिवशी अहवाल आला, म्हणजे हातात पडला तेव्हाच शिळा झालेला. पुन्हा तपासणी केली. ती वेळेत आली, तर अतिदक्षता विभागात खाट नाही. तारीख गेली.

त्यानंतर त्याला तोवर घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या संपल्या, पुन्हा लिहून दिल्या. मधल्या काळात तोंड उघडेना, भात मऊ करून भरवू लागले, मग नाकातून नळी आली. मे अखेर दाखवायला नेले तर म्हणाले, सीटी स्कॅन जुना झाला, नवा काढा. नव्या स्कॅनमध्ये मानेत गाठी दिसल्या. म्हणजे आता शस्त्रक्रिया मोठी, नंतर किरणोपचार, आणि ‘पूर्ण निघेल’ हे शब्द पुन्हा कोणी उच्चारले नाहीत. दुसऱ्या रुग्णालयात न्यावे म्हटले, तर तिथे सांगतात की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतली आधीची पूर्वमंजुरी रद्द करून आणा. आधीचे रुग्णालय म्हणते, आम्ही नाही म्हटलेले नाही, फक्त थांबायला सांगितले आहे. दोघांचेही कागदोपत्री बरोबर असेल. गाठ मात्र दोघांच्याही फायलींसाठी थांबलेली नाही.

ही एका घराची गोष्ट नाही. सोबतच्या यादीत स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या, आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण आहेत आणि सर्वांच्या तारखेच्या रकान्यात ‘कळवू’ लिहिलेले आहे. हीच यादी आम्ही मागेही दिली होती. त्या यादीतली काही नावे या वेळी नाहीत. का नाहीत, ते चौकशी केल्यास कळेल.

करोनात कर्करोगाची शस्त्रक्रिया करणे धोक्याचे, असे उत्तर आम्हाला तोंडी मिळाले आहे. महोदय, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या ऐन कडक टाळेबंदीत ४९४ मोठ्या शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांत तीस दिवसांत एकही मृत्यू झाला नाही. हे त्यांनी प्रसिद्ध केलेले आहे. आपल्याच राज्यातले, इतक्या गर्दीचे रुग्णालय हे करू शकले. उलट देशाचे चित्र पाहा. नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ४१ केंद्रांची पाहणी गेल्याच महिन्यात लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आली आहे. मार्च ते मे २०१९ मध्ये त्यांनी १७,१२० मोठ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या, २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ८,६७७. नवे रुग्णही १,१२,२७० वरून ५१,७६० वर आले. निम्मे लोक बरे झाले म्हणून आले नाहीत, असे तर नाही ना! ते कुठेतरी घरी गाठ घेऊन बसले होते, त्यांतले काही खरवईत. शस्त्रक्रियेला दर चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये गेल्या नोव्हेंबरात आले आहे. आपल्या विभागातील डॉक्टरांना हे आम्ही सांगायला हवे, याचेच वाईट वाटते.

दुसरी अडचण प्रवासाची. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच नऊ लाखांवर होती, तरी कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आमच्या माणसाला परळ नाहीतर खारघर गाठावे लागते. परळ इथून सुमारे ६० किलोमीटर. लोकल मार्च २०२० मध्ये थांबली, १५ जूनला अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, आणि कर्करुग्णांना तीत बसू द्यायला सप्टेंबर सरत आला. तोवर ज्यांना जमले त्यांनी शिळफाट्यावरून गाडी करून नेले, ज्यांना जमले नाही ते घरी राहिले. आता रुग्णाला आणि सोबत एकाला मुभा आहे. पण रुग्ण तिकडे दाखल असेल आणि घरचा माणूस पाळी बदलायला, डबा द्यायला किंवा तपासणीचा अहवाल आणायला एकटा निघाला, तर तिकीट खिडकीवर विचारतात, ‘रुग्ण कुठे आहे?’ रुग्ण जिथे असायला हवा तिथेच आहे. या प्रश्नावरही ‘वरती बोलतो’ असे आश्वासन मिळाले होते.

आता तिसऱ्या लाटेची तयारी चालू आहे. प्राणवायूचे प्रकल्प, लहान मुलांचे कक्ष यांच्या बातम्या आम्ही वाचतो, त्याबद्दल धन्यवाद. त्या तयारीत कर्करोगाचा उल्लेख कुठे दिसला नाही. म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. सोबतच्या यादीतील प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेची लेखी तारीख द्यावी. ज्या रुग्णालयाला तारीख देणे शक्य नाही, त्याने तसे कारणासह लिहून द्यावे, त्याच कागदावर दुसऱ्या रुग्णालयाचे नाव घालावे, आणि पूर्वमंजुरी रुग्णाला धावपळ करायला न लावता रुग्णालयांनीच आपसात बदलून घ्यावी. तारीख पुन्हा पुढे गेली तर पुन्हा कागद द्यावा. रुग्णालयाच्या उशिरामुळे स्कॅन किंवा तपासण्या जुन्या झाल्यास त्या पुन्हा करण्याचा खर्च रुग्णावर टाकू नये. ‘फोन करू’ हे उत्तर बंद करावे.

२. पुढील लाटेत जिल्ह्यात निदान एक शस्त्रक्रियागृह व त्याला जोडलेल्या अतिदक्षता खाटा कर्करोगासाठी राखून ठेवाव्यात आणि त्या कोणत्या रुग्णालयात असतील हे आताच जाहीर करावे.

३. शस्त्रक्रियेआधीच्या करोना तपासणीचा अहवाल २४ तासांत मिळावा.

४. दाखल रुग्णाच्या नातेवाइकाला रुग्णालयाच्या चिठ्ठीवर लोकलचे तिकीट मिळावे.

५. तालुक्यात तोंडाच्या कर्करोगाची तपासणी शिबिरे पुन्हा सुरू करावीत.

आंदोलनाचा इशारा देण्याची पद्धत आहे, तो आम्ही देत नाही. सह्या करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना फार वेळ उभे राहवत नाही. चर्चेच्या बैठकीलाही बोलावू नये, बैठका झाल्या आहेत. पहिल्या मागणीवर १५ जुलै २०२१ पर्यंत लेखी उत्तर द्यावे आणि ते पोस्टाने न पाठवता यादीतील रुग्णांना त्यांच्या रुग्णालयामार्फत हातात द्यावे, ही विनंती.

आपले नम्र,
खरवई व परिसरातील कर्करुग्ण, नातेवाईक व रहिवासी
(सह्या व रुग्णांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, ठाणे
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, ठाणे
मा. मुख्याधिकारी, कुळगाव-बदलापूर नगरपरिषद