पन्हा एकोणीस इंच, खोली किती?



कापडाच्या दुकानात वाढलेल्या माणसाला फळीचे शास्त्र वेगळे शिकावे लागत नाही. मालाचा पन्हा किती, तागा आडवा रचायचा की उभा ठेवायचा, यावरून मांडणीची मापे ठरतात. आधी माल, मग फळी. सांगलीच्या आमच्या दुकानात हा क्रम कधी चुकलेला नाही. गेल्या दिवाळीत मात्र मी घरासाठी आधी फळी विकत घेतली आणि माल नंतर पाहिला. ती फळी लोखंडाची होती, तिला दार होते आणि बाजारात तिला ‘नेटवर्क रॅक’ म्हणतात, इतकाच काय तो फरक.

झाले असे. माझा पुतण्या पुण्यात संगणकशास्त्र शिकतो आणि त्यातही नेटवर्क हा त्याचा आवडीचा विषय. हा विषय नुसता वाचून येत नाही. यंत्रे समोर हवीत, तारा काढून पुन्हा जोडता आल्या पाहिजेत, चुकीची आज्ञा देऊन सगळे बंद पाडण्याची मुभाही हवी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही मुभा मिळत नाही. म्हणून त्याने जुन्या बाजारातून दोन स्विच, एक राउटर आणि एक सर्व्हर अशी सामग्री जमवली होती. सुट्टीत ती सांगलीला आणून वरच्या मजल्यावर घरच्या घरी प्रयोगशाळा उभी करायची, असा त्याचा बेत.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच प्रश्न विचारला, “याचा दुकानाला उपयोग काय?”

तो म्हणाला, “आप्पा, आपले बिलाचे संगणक, कॅमेरे आणि गिऱ्हाइकांना देतो ते वायफाय, सगळे आज एकाच जाळ्यात आहे. गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधून कोणी हिशेबाच्या संगणकापर्यंत पोहोचू नये, यासाठी एकाच तारेवर तीन वेगळे रस्ते करता येतात. ते मला शिकायचे आहे. दुकानात शिकायला गेलो आणि चुकलो, तर बिले थांबतील.”

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. हा मुलगा शिकून पुण्यालाच राहणार, दुकानाकडे पाहणार नाही, ही धास्ती त्यांच्या मनात आहे. ते बोलून दाखवत नाहीत, पण घरात सर्वांना ठाऊक आहे. मग म्हणाले, “वरची खोली घे. पण पसारा नको, एका जागी नीट मांडून ठेव.”

या वाक्याने मला उत्साह आला आणि भाऊबीजेच्या आधी मी रॅक आणायला बाजारात गेलो. पुतण्याला विचारले नाही. त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. दुकानदाराने विचारले, “खोली किती हवी?” मी सांगितले, “दहा बाय बारा, वरच्या मजल्यावर आहे.” तो हसला. त्याने तिथेच नीट विचारले असते तर बरे झाले असते, पण मीही उंचीचा आकडा आणि सवलत एवढेच पाहत होतो. सहा यू उंचीचा, काचेच्या दाराचा देखणा रॅक घेऊन घरी आलो. त्याची खोली, म्हणजे मागे भिंतीपर्यंतचे अंतर, ४०० मिलिमीटर होती. पुतण्याचा सर्व्हर २८ इंच लांब. रॅक पावणेसोळा इंचांचा. दार उघडे ठेवले तरी यंत्र फूटभर बाहेर!

मराठीत ‘खोली’ या एका शब्दाने दोन कामे करावीत, ही आपल्या भाषेची काटकसर खरी. पण त्या दिवशी ती मला महागात पडली.

आता ही मापे नीट समजून घेऊ. कारण पुष्कळ घरांत अभियांत्रिकीची मुले आहेत, आणि दुकानांतही कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, राउटर, स्विच अशी यंत्रे गल्ल्याखाली एकमेकांवर रचलेली असतात.

रॅकचा पन्हा ठरलेला आहे. यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील ए. टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीने आपल्या केंद्रांतील यंत्रांसाठी हे माप रूढ केले. दूरध्वनीची ती जुनी यंत्रे मोडीत निघाली, पण माप टिकले. आज ध्वनियंत्रणेपासून संगणकांपर्यंत सर्वत्र तेच चालते. कापडाचे पन्हे गिरणीगणिक बदललेले आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे शंभर वर्षे न बदललेल्या या मापाचे मला खरोखर कौतुक वाटते.

उंचीही ठरलेली आहे. तिचे एकक ‘यू’. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. सहा यू म्हणजे साडेदहा इंच आणि नऊ यू म्हणजे पावणेसोळा इंच जागा. साधा चोवीस तोंडांचा स्विच एक यू घेतो.

मात्र खोलीला असे कोणतेही एकक नाही. यंत्र बनवणारा आपल्या सोयीने ते लांब करतो आणि रॅक बनवणारा आपल्या सोयीने तो उथळ ठेवतो. दोघांच्या जाहिरातीत यू मोठ्या अक्षरांत असतो आणि खोली बारीक अक्षरांत. त्यातही छापलेली खोली बहुधा बाहेरून बाहेरची असते. दार, मागची पाठ आणि पुढच्या खांबांचे अंतर वजा केले की ४०० मिलिमीटरच्या पेटीत हाती तेरा-चौदा इंच उरतात. यंत्राच्या मागे विजेची पिन आणि तारेचे वळण यांसाठी आणखी तीन-चार इंच सोडावे लागतात. पुतण्याचा राउटर जेमतेम बारा इंचांचा. पण हा हिशेब केल्यावर तोसुद्धा माझ्या देखण्या रॅकमध्ये बसेना. स्विच नऊ-सव्वानऊ इंचांचे होते, तेवढे बसले.

पुतण्याने मला दोष दिला नाही. “काका, सर्व्हर घेताना मी तरी कुठे मापले होते?” एवढेच म्हणाला. त्याने कागद घेतला आणि आमच्या मालाच्या वहीप्रमाणे रकाने आखले: यंत्राचे नाव, यू, खोली, वजन, वॅट. मला वाटते, रॅक घेण्याआधी हा कागद तयार नसेल तर बाजारात जाऊच नये.

त्या कागदाने पहिला निकाल सर्व्हरविरुद्ध दिला. एवढ्या लांबीच्या यंत्रासाठी हजार मिलिमीटर खोलीचा, जमिनीवर उभा राहणारा रॅक लागतो. तो घरात कपाटाएवढी जागा अडवतो. शिवाय एक यू उंचीच्या यंत्रात पंखेही तेवढेच चिमुकले, चाळीस मिलिमीटरचे असतात आणि पुरेशी हवा ओढण्यासाठी ते प्रचंड वेगाने फिरतात. पुतण्याने एका रात्री तो सर्व्हर सुरू केला तेव्हा खालच्या मजल्यावरून आईने विचारले, “मिक्सर कोणी लावला?” असे जुने सर्व्हर काही काम नसतानाही शंभर-दीडशे वॅट वीज घेतात. शेवटी त्याने तो विकून पुस्तकाएवढा छोटा संगणक घेतला. शिकण्यासाठी लागणारी चार-पाच आभासी यंत्रे त्यात आरामात चालतात. घरच्या प्रयोगशाळेत सर्व्हर नकोच, असे माझे तरी ठाम मत झाले आहे. पुतण्या अजून पूर्ण सहमत नाही.

उरलेल्या सामग्रीची बेरीज अशी झाली: तारा एकत्र आणणारे पॅच पॅनेल एक यू, दोन स्विच दोन यू, राउटर दोन यू, छोट्या संगणकासाठी फळी आणि तिच्यावरची मोकळी जागा दोन यू, विजेच्या सॉकेटांची पट्टी एक यू. एकूण आठ. म्हणून नऊ यू आणि ५५० मिलिमीटर खोलीचा, बाजूचे पत्रे निघणारा रॅक ठरला. बाजू निघत नसतील तर मागची तार बदलण्यासाठी दर वेळी पुढची यंत्रे उतरवावी लागतात. ज्या मुलाकडे चोवीस तोंडांचे स्विच नाहीत, नुसता पाच-आठ तोंडांचा स्विच आणि एखादा रास्पबेरी पायसारखा इवलासा संगणक आहे, त्याने दहा इंची रॅकचा विचार जरूर करावा. त्यात यू तेच, पण पन्हा जवळजवळ निम्मा; टेबलाच्या कोपऱ्यावर मावतो. मात्र पुढे एकोणीस इंची यंत्र आले तर ते त्यात कधीच बसणार नाही, हे आधीच ध्यानात ठेवावे.

जागा निवडताना आप्पांचे म्हणणे आम्ही निमूट ऐकले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या दुकानात शिरले होते. कापड वरच्या मजल्यावर हलवायला वेळ मिळाला. पण गल्ल्याखाली ठेवलेला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि राउटर कोणाच्याच लक्षात आले नाहीत. तेव्हा जमिनीवर काही ठेवायचे नाही, भिंतीवरच लावायचे, हे ठरलेले.

पण भिंतीवर म्हणजे कोणत्या भिंतीवर? आमच्या वरच्या मजल्यावर एक भिंत जुनी, नऊ इंची विटांची आहे आणि एक नंतर घातलेली, हलक्या ठोकळ्यांची. रॅकचे वजन नुसते खाली ओढत नाही. दुकानाच्या पाटीचा लोखंडी हात जसा वरच्या बोल्टला भिंतीतून बाहेर खेचतो, तसेच हेही आहे. खोली जितकी जास्त, तितका हा ओढा वाढतो. म्हणून विटांची भिंत आणि जाड अँकर बोल्ट. दहा-बारा किलोंचा यूपीएस मात्र भिंतीवर चढवला नाही. तो रॅकखाली विटांच्या छोट्या ओट्यावर ठेवला. वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घेतले आणि रॅकच्या पत्र्याला हिरवी तार जोडली. हे काम अनेक जण पुढे ढकलतात. लोखंडी पेटीत विजेची इतकी यंत्रे असताना ते कधीही पुढे ढकलू नये.

उष्णतेचा हिशेब सोपा आहे. यंत्राने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्या पेटीतच उतरते. शंभर वॅटची यंत्रे दिवसरात्र चालली तर दिवसाला २.४ युनिट, तीस दिवसांत ७२ युनिट. शंभर वॅटचा जुना दिवा बंद कपाटात अखंड जळतो आहे, अशी कल्पना करा. मे महिन्यात सांगलीची हवाच चाळीस अंशांना टेकते आणि अनेक यंत्रांची सोसण्याची मर्यादा चाळीस ते पंचेचाळीस अंश असते. त्यामुळे काचेच्या दारापेक्षा जाळीचे दार घेतले आणि छतातील दोन पंखे हवा बाहेर फेकतील असे बसवले. आप्पांनी ७२ युनिटांचा आकडा ऐकून आणखी एक नियम घातला: अभ्यास संपला की मुख्य बटण बंद. शिकण्याची यंत्रे आहेत, ती रात्रभर कोणासाठी चालवायची? पुतण्याला हे मान्य करावे लागले.

उबदार, अंधारी, तारांसाठी भोके असलेली पेटी माणसांपेक्षा मुंग्यांना आणि पालींना अधिक आवडते. पावसाळ्यात त्या हमखास आत शिरतात आणि विजेच्या तोंडाशी मरतात. यंत्र बिघडते ते वेगळेच. पण आपल्या घरात तो जीव जाणे हेच मुळात नको. म्हणून तारांच्या भोकाला दाट केसांची ब्रश-पट्टी बसवली, न वापरलेली भोके बंद केली आणि पंख्यांवर बारीक जाळी लावली. जाळीवर धूळ साचते. पंधरा दिवसांनी ती मऊ ब्रशने झाडण्याचे काम आईने आपण होऊन घेतले आहे.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. यंत्र खांबाला बसवण्यासाठी चौकोनी भोकात ‘केज नट’ नावाची स्प्रिंगची चाकी दाबून बसवावी लागते. बोटांनी बसवायला गेलात तर नखाखालची कातडी जाते. तिच्यासाठी वाकड्या टोकाची एक छोटी पट्टी मिळते, ती आवर्जून मागून घ्यावी. प्रत्येक यू मध्ये भोके तीन असतात आणि त्यांतील अंतरे सारखी नसतात, त्यामुळे पहिली चाकी एक भोक वर लागली की वरचे सगळे गणित बिघडते. आमचे दोनदा बिघडले. तिसऱ्यांदा पुतण्याने खडूने प्रत्येक यूची सीमा आखली. आप्पा खुर्ची घेऊन समोर बसले आणि खालून मोजू लागले.

माझा सहा यूचा रॅक वाया गेला नाही. दुकानाच्या पोटमाळ्यावर, पुराच्या रेषेच्या बरेच वर, तो विटांच्या भिंतीला लावला आहे. कॅमेऱ्यांचा नवा रेकॉर्डर दहा इंच खोलीचा, तो फळीवर बसला. राउटर आणि आठ तोंडांचा स्विचही बसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुतण्याने आधी वरच्या खोलीत सराव केला, मग एका रविवारी, दुकान बंद असताना, गिऱ्हाइकांचे वायफाय, कॅमेरे आणि हिशेबाचे संगणक असे तीन रस्ते वेगळे करून दिले. सोमवारी सकाळी पहिले बिल निघेपर्यंत आप्पा गल्ल्यापाशी उभे होते. बिल निघाले तसे त्यांनी वर पाहून विचारले, “त्या पेटीत अजून किती यू रिकामे आहेत रे?”