चार शेळ्यांचा हिशोब धरा

करकंब आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर शेळ्या राखणाऱ्या आयाबहिणींनो, धनगर बांधवांनो, बांधावर झाड लावू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनो,

शेळीसाठी सरकारकडे पैसा आहे, झाडासाठी आहे, शिकवण्यासाठीही आहे. तो आपल्या दावणीपर्यंत येत नाही, कारण तो निघतानाच दुसऱ्याच्या दाराकडे निघतो.

राष्ट्रीय पशुधन अभियान २०२१ पासून नव्या रूपात आलं. शेळी-मेंढीपालनाला खर्चाच्या निम्मं अनुदान. पण त्यातला सगळ्यात लहान गट केवढा? १०० शेळ्या आणि ५ बोकड! त्याला १० लाखांपर्यंत अनुदान, ५०० शेळ्यांना ५० लाखांपर्यंत. उरलेला निम्मा पैसा आपला, नाहीतर बँकेचा. आपल्या आळीत कुणाच्या दारात चार शेळ्या, कुणाच्या सहा. बाळंतपण आलं की एक विकायची, पोराची फी आली की दुसरी. अशा चार शेळ्यांच्या बाईला शंभराच्या रांगेत उभं राहा म्हणणं म्हणजे तिला दारातूनच परत पाठवणं आहे.

१० शेळ्या आणि १ बोकड ही राज्याची योजना आपल्या मापाची आहे. तिच्यात सर्वसाधारण गटाला निम्मं आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान. धनगर समाजासाठी २०१७ पासून महामेष योजना आहे, २० मेंढ्या आणि १ नर. पण निवड मोजक्यांचीच होते, बाकीच्यांनी पुढच्या वर्षीची वाट बघायची. हा आकडा वाढला पाहिजे.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून पशुपालकांनाही मिळतं. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्क्यांवर येतं. माझी चुलती भूमिहीन. ती एका बँकेत गेली तर पहिला प्रश्न आला, "सातबारा आणलाय का?" ती तशीच माघारी आली. कार्ड शेळीवर आहे, मग जमीन कशाला मागता?

आता शिकवण्याचं. पहिला पाऊस झाला, बांधावर कोवळं गवत आलं आणि आमच्या आईनं शेळ्या हौसेनं चारल्या. सकाळी एक शेळी पोट फुगून पाय ताठ करून पडलेली. दुपारपर्यंत दुसरी, तिच्या पोटात पिल्लं होती. आई तिच्या कासेवर हात ठेवून बसली होती. हा आंत्रविषार नावाचा रोग. पावसाळ्याआधी एक लस टोचली असती तर त्या बहुधा वाचल्या असत्या. इतकी साधी गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

प्रशिक्षण कुठंच मिळत नाही असं नाही. शेजारच्या सांगोला तालुक्यात महूदला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. कृषी विज्ञान केंद्रं आहेत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत दहा दिवस राहून-जेवून फुकट शिकता येतं. पण दहा दिवस घर सोडलं तर मागं शेळ्यांना पाला कोण घालणार? म्हणून शिकवणारे गावात आले पाहिजेत. दुपारचे दोन तास, समोर जितीजागती शेळी. लस कधी, जंताचं औषध किती, करडाला चीक किती वेळात पाजायचा, एवढं हातानं करून दाखवा. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनच्या गारोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला आणि ते काम मेंढपाळांच्या कळपांपर्यंत नेलं. शास्त्र वाड्यापर्यंत जाऊ शकतं, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात झालं आहे.

आणि झाडं. उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस आला, गायरानं आटली. हंगामात जनावरांना उसाचं वाढं मिळतं, पण कारखाने बंद झाल्यावर उन्हाळा काढायचा कशावर? एका शेळीला दिवसाला चारेक किलो ओला पाला लागतो. २०१९ ला राज्यात ३३ कोटी झाडं लावण्याचा कार्यक्रम झाला. त्यात शेळीवाल्याला कुणी विचारलं? झाड लावायचं तारेच्या आत आणि शेळी ठरवायची चोर, ही रीत सोडा. हिवरे बाजार गावानं मोकळी चराई बंद केली, पण विळ्यानं गवत कापून न्यायला मुभा दिली. म्हणून तिथं रान उभं राहिलं आणि दावणीही भरल्या.

शेवरी, हादगा, सुबाभूळ, बाभूळ, बोर ही आपल्या मातीतली ओळखीची झाडं. पानमळ्यातली शेवरी जुन्या माणसांना सांगायला नको. बांधावर ती लावली की दीड-दोन महिन्यांनी छाटणी मिळते. सुबाभळीचा पाला मात्र चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका, नाहीतर जनावराचे केस गळतात. पडीक जमिनीवर आणि उजाड वनजमिनीवर चारा लावायला २०२४ पासून याच पशुधन अभियानात मदत आहे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ सालीच केला. त्याच हमीतून रोपं लावा, आणि तीन उन्हाळे पाणी घालण्याची मजुरी शेळी राखणाऱ्या बायांनाच द्या. जिला पाला हवा आहे, ती झाड वाळू देणार नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला या. ठराव तीन हवेत: गावातच प्रशिक्षण आणि जून लागायच्या आत लस, दोन ते दहा शेळ्यांच्या घराला अनुदान आणि सातबाऱ्याविना कार्ड, गायरानावर व कालव्याच्या कडेला चाऱ्याची झाडं, पाल्यावर हक्क राखणाऱ्यांचा.

येताना आपल्या शेळ्या-करडांचा आकडा कागदावर लिहून आणा. जिला रोजगार बुडवून येता येत नाही, तिनं तो शेजारणीकडे द्यावा. प्रत्येक घराचा आकडा त्या दिवशी ग्रामसभेच्या वहीत चढला पाहिजे.

— करकंबमधला एक शेळीपालक