थेरपिस्ट शोधण्याचे काम आजारी माणसावर टाकू नका

मराठवाड्यातील मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
१) मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
२) मा. अध्यक्ष, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण
३) मा. जिल्हा शल्यचिकित्सक, मराठवाड्यातील आठही जिल्हे

विषय : पात्र थेरपिस्टची जिल्हावार अधिकृत यादी, परवडणारा उपचार आणि थेरपिस्ट बदलण्याची सोय मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

आम्ही नैराश्य, चिंताविकार, ओसीडी, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, व्यसन अशा आजारांतून गेलेली किंवा जात असलेली माणसे आहोत. आमचे आई-वडील, जोडीदार आणि भावंडेही या संघटनेत आमच्याबरोबर आहेत. आम्हाला गोळ्या मिळाल्या. त्या लिहून देणाऱ्या सरकारी डॉक्टरांबद्दल आम्हाला कृतज्ञता आहे. रांग व्हरांड्याबाहेर गेलेली असताना जेवायला न उठता ते रुग्ण तपासतात, हे आम्ही पाहिले आहे. आमची तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. गोळ्यांच्या जोडीला, आणि कित्येकदा गोळ्यांऐवजी, बोलून करायचा जो उपचार लागतो तो कुठे मिळेल, कोण देईल, किती पैशांत देईल आणि आपल्या त्रासाला तो लागू पडेल का, हे खात्रीने सांगणारी एकही जागा आम्हाला आमच्या भागात सापडलेली नाही. ही आमची तक्रार आहे.

आज काय घडते

आमच्या एका सभासद बाईंच्या मुलाचे बारावीनंतर हात धुणे थांबेना. तालुक्याच्या गावाहून पहिल्या एसटीने त्या त्याला जिल्ह्याच्या गावी घेऊन गेल्या. केसपेपर काढला, ओपीडीत नंबर लागला, गोळ्या मिळाल्या आणि केसपेपरवर शेरा आला : समुपदेशन घ्यावे. कोणाकडे घ्यावे, हे त्यावर लिहिलेले नव्हते. समुपदेशकाची जागा रिकामी असल्याचे खिडकीवर कळले. शेवटी औषधाच्या दुकानदाराने एक पत्ता दिला. तिथल्या पाटीवर समुपदेशन, करिअर मार्गदर्शन आणि वास्तुसल्ला असे तिन्ही एकाखाली एक लिहिलेले होते. फोनवर फी विचारली तर ‘आधी या, मग बघू’ असे उत्तर आले. मुलाला सल्ला मिळाला तो मन घट्ट करण्याचा आणि पहाटे उठण्याचा.

मुलाचा हा त्रास ओसीडीचा होता, आणि ओसीडीवर नेमकी उपचारपद्धती आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि त्यानंतर होणारी धुण्याची, तपासण्याची कृती रोखायला शिकायचे. हे काम प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच करावे लागते. या आईला ते खूप उशिरा, दुसऱ्या शहरातल्या एका तज्ज्ञाकडून कळले. तोवर मुलाचे कॉलेजचे वर्ष गेले होते.

नैराश्यात माणसाला अंथरुणातून उठणे जड जाते, चिंताविकारात अनोळखी नंबरला फोन लावताना हात कापतो. अशा माणसाने दहा ठिकाणी चौकशी करावी, पदव्या पारखाव्यात, फीची घासाघीस करावी आणि चुकीचा माणूस भेटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, अशी आज अपेक्षा आहे. शोधाचे हे काम यंत्रणेने आधीच करून ठेवलेले असले पाहिजे. आमच्या सगळ्या मागण्यांचे मूळ एवढेच आहे.

कायदा काय म्हणतो

आम्ही नवे काही मागत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ ने प्रत्येकाला सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी निधीतून चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला आहे. ही सेवा परवडणारी, दर्जेदार, पुरेशी आणि राहत्या ठिकाणाजवळ असावी, त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. कुटुंबाला आधार देणारी सेवा आणि मुलांसाठी, वृद्धांसाठी वेगळी सेवा यांचाही त्यात समावेश आहे. खालील मागण्या या कायद्याच्या अंमलबजावणीच्या आहेत.

आमच्या मागण्या

मागणी १ : प्रत्येक जिल्ह्याची यादी प्रसिद्ध करा.

कलम ५५ नुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी करून त्यांची यादी प्रसिद्ध करणे हे राज्य प्राधिकरणाचे काम आहे. नुसत्या नावांची यादी मात्र आमच्या उपयोगाची नाही. प्रत्येक नावापुढे शिक्षण, नोंदणी क्रमांक, कोणत्या त्रासांवर काम करतात, कोणती पद्धत वापरतात, कोणत्या वयाच्या रुग्णांना पाहतात, कोणत्या भाषा बोलतात, एका भेटीची फी किती, ऑनलाइन भेटतात का आणि सध्या नवे रुग्ण घेतात का, एवढी माहिती हवी. कोणती गाडी कुठे आणि किती वाजता जाते हे एसटी स्टँडवर फळ्यावर लिहिलेले असते. तशी ही यादी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात भिंतीवर लागली पाहिजे. दर तीन महिन्यांनी ती ताजी केली जावी. केसपेपरवर समुपदेशनाचा शेरा मारताना यादीतली किमान दोन नावे लिहून देणे बंधनकारक करावे.

मागणी २ : पाटीवर पात्रता आणि नोंदणी क्रमांक लिहिणे सक्तीचे करा.

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि गोळ्या लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असतो. तो चाचण्या आणि थेरपी करतो, औषधे देत नाही. ‘समुपदेशक’ या पाटीमागे मात्र एमए झालेली अनुभवी व्यक्ती असू शकते किंवा आठ दिवसांचे शिबिर केलेली व्यक्तीही असू शकते. दारात उभ्या असलेल्या रुग्णाला हा फरक कळण्याचा कोणताही मार्ग आज नाही. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांना नियमनाखाली आणण्यासाठी २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. त्याखालची राज्याची नोंदवही पूर्ण करावी आणि कोणालाही मोबाइलवर क्रमांक टाकून पडताळता येईल अशी खुली ठेवावी. जे समुपदेशक आज प्रामाणिकपणे, चांगले काम करत आहेत, त्यांनाही यानेच संरक्षण मिळेल.

मागणी ३ : रिकाम्या जागा भरा आणि तालुक्यापर्यंत या.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला तो सेवा घराजवळ यावी म्हणूनच. बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले आणि बहुतांश रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसले. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता; त्यामुळे आमच्याकडे गरज किती आणि सेवा किती हे त्यातून कळत नाही. म्हणून आमची मागणी अशी की जिल्हावार मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिकामी पदे दर सहा महिन्यांनी जाहीर करावीत आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून किमान दोन दिवस थेरपीची ओपीडी चालवावी. मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी कलम ३१ ने सरकारला दहा वर्षे दिली होती. ती मुदत मे २०२८ मध्ये संपते.

मागणी ४ : खर्चाची परतफेड प्रत्यक्षात द्या.

थेरपी एका भेटीत होत नाही. आठवड्याला एक तास, असे काही महिने जावे लागते. दर भेटीला फी, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी, असा तिहेरी खर्च येतो. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसेल तर रुग्णाने जिल्ह्यातील दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने सोसावा, अशी तरतूद कलम १८ मध्येच आहे. आमच्या सभासदांपैकी एकालाही असा खर्च मिळालेला नाही. अर्ज कुठे करायचा हेच कोणी सांगू शकले नाही. परतफेडीचे नियम, दर आणि अर्जाचा एक पानी मराठी नमुना प्रत्येक जिल्हा रुग्णालयात उपलब्ध करावा. कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचे आहे. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत आणि थेरपी तर दाखल न होता घ्यायची असते. त्यामुळे ही बरोबरी कागदावर राहते. राज्याने हा प्रश्न विमा नियामकाकडे लेखी मांडावा.

मागणी ५ : पहिली भेट ओळखीची ठेवा आणि थेरपिस्ट बदलण्याचा हक्क मान्य करा.

उपचाराचे ध्येय काय, त्यासाठी काय काय करायचे आणि दोघांमध्ये विश्वास किती, या तीन गोष्टींवर थेरपीचे नाते उभे असते, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये केली. हे नाते जितके चांगले जुळते तितका उपचाराचा गुण येण्याची शक्यता वाढते, असे पुढच्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. कोणाला विचारांची गाठ उकलून दाखवणारी पद्धत मानवते. अशीच एक, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली आणि तिचा असंख्य मराठी माणसांना आधार झाला. कोणाला आधी नुसते ऐकून घेणारे माणूस हवे असते. व्यसनमुक्तीत कुटुंबासह काम करावे लागते. म्हणून सरकारी सेवेत पहिली भेट एकमेकांना समजून घेण्याची असावी. तुम्ही माझ्यासारख्या त्रासावर काम केले आहे का, कोणत्या पद्धतीने करता, किती भेटी लागतील, सुधारणा कशी मोजणार, हे प्रश्न रुग्णाला विचारता यावेत आणि त्यांची उत्तरे मिळावीत. जुळले नाही तर कारण न देता थेरपिस्ट बदलता यावा. रुग्णाच्या संमतीने उपचाराचा सारांश पुढच्या थेरपिस्टकडे जावा, म्हणजे सगळे दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.

मागणी ६ : रुग्णाची भाषा आणि ओळख यांचा मान ठेवा.

तांड्यावरच्या बाईचे दुःख गोरमाटीत येते, मोहल्ल्यातल्या आजीचे दखनीत. मराठवाड्यात या भाषा बोलणारे समुपदेशक नेमले पाहिजेत, मूकबधिरांसाठी सांकेतिक भाषेची सोय हवी आणि बाईने मागितली तर स्त्री थेरपिस्ट मिळाली पाहिजे. आमच्या एका तरुण सभासदाला त्रास विचारण्याआधी आडनाव आणि गाव विचारले गेले. तो परत गेला नाही. समलिंगी मुलाला ‘लग्न कर, सुधारशील’ असे सांगणारेही आम्हाला भेटले आहेत. जात, धर्म, लिंग, लैंगिक कल यांवरून भेदभाव करण्यास कलम १८ ने मनाई केली आहे. लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये राज्य परिषदांना कळवले आहे. तेच बंधन डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांवरही घालावे आणि सर्वांना याचे प्रशिक्षण द्यावे.

मागणी ७ : बंद होणारे दार आणि ऐकणारे तक्रार केंद्र द्या.

ज्या खोलीत समुपदेशन चालते तिथेच कपाटातली रजिस्टरे न्यायला कर्मचारी येत-जात असतात, बाहेरच्या बाकावर शेजारच्या गावची माणसे बसलेली असतात. लहान गावात एवढ्याने लग्ने मोडतात. कलम २३ ने दिलेली गोपनीयता पाळायची तर प्रत्येक केंद्रात दार बंद होणारी एक खोली लागेल. कलम २८ ने सेवेतील त्रुटींबद्दल तक्रारीचा हक्क दिला आहे. ती तक्रार कोणाकडे करायची, त्यांचे पद आणि फोन ओपीडीच्या दारावर लिहावा.

मागणी ८ : गावातल्या माणसांना प्रशिक्षण आणि मानधन द्या.

सगळे तज्ज्ञ येईपर्यंत थांबायची गरज नाही. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगाथ’ संस्थेने स्थानिक, तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तींना नैराश्यावरचा छोटा, सहा ते आठ भेटींचा उपचार शिकवला आणि त्याचा गुण येतो हे २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. आपल्याच अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. विदर्भात जे झाले ते मराठवाड्यातही होऊ शकते. मात्र आशाताईंवर आणखी एक फुकटचे काम लादू नये; प्रशिक्षण, तज्ज्ञांची नियमित देखरेख आणि वेगळे मानधन या तिन्ही गोष्टी असाव्यात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येते. या मदतवाहिनीकडे जिल्ह्याची यादी दिली, तर फोन ठेवण्याआधी रुग्णाला जवळचा पत्ता मिळेल.

आम्ही काय करू

यादीतील माहिती खरी आहे का हे तपासण्यासाठी आमचे सभासद प्रत्येक जिल्ह्यात वेळ देतील. रुग्णांसाठी सोप्या मराठीत माहितीपत्रक तयार करण्यात आम्ही मदत करू. पहिल्यांदा ओपीडीत येणाऱ्या कुटुंबासोबत बसायला आमच्यातली अनुभवी माणसे तयार आहेत. थेरपिस्टच्या अडचणी, त्यांच्यावरचा ताण आणि रखडलेले पगार याविषयीही आम्ही त्यांच्या बाजूने बोलू.

मुदत

मागणी १ आणि ७ ला नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. त्या ९० दिवसांत पूर्ण व्हाव्यात. मागणी २, ४, ५ आणि ६ चे आदेश सहा महिन्यांत निघावेत. मागणी ३ आणि ८ साठी पुढच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी. या पत्रावर चर्चेसाठी आम्हाला ३० दिवसांत बैठकीची वेळ द्यावी आणि तिचे इतिवृत्त लेखी मिळावे. तसे न झाल्यास आम्ही आठही जिल्ह्यांतून कलम २८ खाली स्वतंत्र तक्रारी दाखल करू आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागू.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद